आलमारीत कोंडलेला आवाज

आजच्या या निरोपाच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या शाळा समितीचे थोरले सुधाकरराव, तुमचा गुडघा कसा आहे? पायरी चढताना तुम्ही "आई गं" म्हणालात ते मी ऐकलं. माईक चालू होता, म्हणून सगळ्या गावानं ऐकलं. तेल लावत चला.

व्यासपीठावर मान खाली घालून बसलेल्या, पोरांचा दुपारचा भात शिजवणाऱ्या आमच्या कुसुमबाई, तुमचा खोकला काय म्हणतो? मॅडमच्या जागेवर आलेले नवे शिक्षक पंकज सर, निर्मल शहर सोडून आमच्या बोथच्या बाजूला आलात, आमचं पाणी मानवलं ना? समोर बसलेल्या आयाबहिणींनो, कापूस वेचून बोटं सोलली असतील, तरी टाळ्यांना हात राखून ठेवा. मागे उभ्या राहिलेल्या मंडळींनो, कंबर बरी आहे तर उभे राहा, नाही तर पोरांना सरकवून बसा. आणि पोरांनो, तुमची तब्येत काय विचारायची, ती तर बाकांवरूनच दिसते! सर्वांना जय भीम, नमस्कार आणि राम राम.

राहिल्या आजच्या सत्कारमूर्ती, भाग्यश्री मॅडम. त्यांच्या गळ्याची चौकशी मी मुद्दाम मागे ठेवली आहे. कारण मी डोमाजी आज उभा राहिलो आहे तो त्या गळ्याचीच गोष्ट सांगायला. अध्यक्षांनी मला "दोन शब्द" सांगितले आहेत. पण अध्यक्षसाहेब, शेतावरच्या माणसाचे दोन शब्द म्हणजे दोन तास असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी मधला मार्ग काढतो.

मंडळी, आपली शाळा कशी आहे? एक लांब खोली, वर पत्रा, आणि त्या एका खोलीत तीन वर्ग. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात भांडण. वारा सुटला की पत्रा बोलतो आणि माणसानं गप्प बसावं लागतं. अशा खोलीत मॅडम वर्षानुवर्षं ओरडून शिकवत राहिल्या. ओरडून म्हणजे रागानं नव्हे हं! मागच्या बाकावरच्या लेकरालाही तेच मिळावं जे पुढच्याला मिळतं, या मायेनं. आई ताटात वाढताना शेवटच्या लेकराकडे आधी बघते, तसं.

पण गळा म्हणजे काही विहिरीचा रहाट नाही, की करकरला तर तेल घातलं. दसऱ्यानंतर मॅडमचा आवाज फाटला. आधी बसला, मग घोगरा झाला, मग नुसती हवाच यायची. आदिलाबादच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, घरातल्या घरात बोलतो तसं हळू बोलायचं. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल.

आता तुम्हीच सांगा, तीन वर्गांच्या खोलीत घरातल्यासारखं बोलून कसं भागणार? वरून विचारणा आली की मॅडमना शिकवणं जमत नसेल तर कचेरीतल्या कामाला घेऊ. कागदाला शाई लावायला आवाज लागत नाही ना! मॅडम कचेरीत गेल्या असत्या, तर आपल्या मराठीच्या वर्गाला शिक्षक कोण? दुसरं कोणी मिळेपर्यंत पोरं तेलुगूच्या शाळेत. तेलुगू यावी, नक्की यावी, आपण तेलंगणात राहतो, बाजारात नि कचेरीत तिच्यावाचून पान हलत नाही. पण घरची भाषा सुटून यावी का? आणि मॅडम? त्या दिवशी कुसुमबाईंच्या चुलीजवळ बसून रडल्या. आवाज न करता रडल्या, तेवढीच त्यांना परवानगी होती.

तेव्हा या गावानं वर्गणी केली आणि बिनवायरचा माईक आणला. कॉलरला लावायचा छोटा माईक, कमरेला अडकवायची डबी, हातात धरायचा हा एक, आणि या सगळ्यांचा आवाज हवेतून पकडणारा तो मोठा डबा, अँटेनाच्या दोन शेपट्या वर केलेला, आणि त्याला जोडलेला भिंतीवरचा भोंगा. टेबलावर ठेवून मॅडमनी जोडून पाहिला. अहाहा! काय सांगू! खोलीच्या एका टोकाला मॅडम हळूच "नमस्ते" म्हणाल्या आणि दुसऱ्या टोकाला भिंतीनं "नमस्ते" म्हटलं! मी या वयात उडी मारली, ती या गावानं पाहिली आहे.

शिक्षण अधिकारी दुसऱ्या दिवशी यायचे होते. मॅडम वर्ग घेऊ शकतात की नाही, ते स्वतः बसून बघणार होते. म्हणजे परीक्षा होती, आणि परीक्षा म्हटली की आपलं गाव तयारीला लागतं.

आपल्याकडे नवी वस्तू आली की तिची पूजा होते. ट्रॅक्टर असो, नाही तर पिठाची चक्की. कुसुमबाईंनी डब्याला हळदकुंकू वाहिलं. मग त्या दोन शेपट्या त्यांना बैलाच्या शिंगांसारख्या दिसल्या. दिसणारच! पोळ्याची उरलेली बेगड घरात होतीच. शिंगांना गुंडाळतात तशी चकचकीत बेगड दोन्ही शेपट्यांना घट्ट गुंडाळली आणि वर गोंडे बांधले. काय देखणा डबा झाला होता! आणि आमच्या अध्यक्षांची रीत तुम्हाला माहीत आहे. गावाची कोणतीही चांगली वस्तू लोखंडी आलमारीत जाते आणि किल्ली यांच्या करगोट्याला. सतरंजी आलमारीत, ढोलकी आलमारीत. डबाही आलमारीत गेला. वायरी मागच्या गंजलेल्या भोकातून बाहेर काढल्या, समोरून कुलूप! आम्ही सगळे खूश. पूजा झाली, राखण झाली, अजून काय पाहिजे?

साहेब आले. तेलुगू माणूस, हिंदीत बोलणारे, स्वभावानं शांत. मागच्या बाकावर अश्विनीशेजारी बसले. मॅडमनी कॉलरचा माईक लावला, धडा उघडला आणि बोलू लागल्या. भोंग्यातून काय आलं? "पोरां... खर्र... पान... खर्र्र..." आणि मग काहीच नाही.

साहेब मागून म्हणाले, "मॅडम, पीछे कुछ सुनाई नहीं दे रहा है."

मॅडमनी पुन्हा म्हटलं, पुन्हा खर्र. मग त्यांनी श्वास भरून घेतला. मंडळी, तो श्वास मी ओळखला. मोठ्यानं बोलायच्या आधी माणूस घेतो तो. एका आरोळीत परीक्षा पास झाली असती आणि आवाज गेला असता. कुसुमबाई भाताची पळी घेऊनच दारातून ओरडल्या, "मॅडम, वरडू नका! तुमाले माही आन हाय! काय सांगाचं ते मले सांगा, मी वरडतो!"

मॅडम थांबल्या, आणि विचार करू लागल्या. आधी फळ्यापाशी बोलून पाहिलं, मग आलमारीपाशी. आलमारीच्या फटीजवळ आवाज जरासा उमटला. त्यांना बरोबर उमगलं आणि त्या कुसुमबाईंच्या कानाशी लागल्या.

"सुधाकरभाऊ," कुसुमबाई गरजल्या, "मॅडम म्हनून राह्यल्या, आलमारी उघडा!"

"काऊन?" अध्यक्ष म्हणाले. "आत किमती चीज हाय. उघडी ठेवली अन चोरी झाली तं?"

"साहेबासमोर कोन चोरते? साहेब चोरते का?"

"तसं कोन म्हनलं? पर कायदा म्हंजे कायदा."

"तुमचा कायदा चुलीत घालतो मी! मॅडम म्हनतात, लोखंडातून आवाज जात नाही. तुमाले आलमारीत कोंडलं तर तुमचा तरी आवाज येईन का?"

"त्याचा येईन!" मागून कोणीतरी म्हणालं. माफ करा अध्यक्ष, तो मीच होतो.

कुलूप उघडलं, दार उघडलं. आवाज आला, पण चरचरत, तव्यावर पाणी पडल्यासारखा. मॅडमनी डबा बाहेर काढला आणि बेगडीकडे बोट केलं, तीही धातूचीच ना! कुसुमबाईंचा चेहरा असा पडला की सांगता येत नाही. "म्या तं चांगलं केलं होतं माय," म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं शिंगं मोकळी केली. डबा टेबलावर उंच ठेवला, शेपट्या उभ्या केल्या.

आणि मग मॅडम घरातल्यासारख्या हळू, अगदी भाकरी थापताना बोलावं तशा म्हणाल्या, "अश्विनी, खिडकीबाहेर काय बघतेस गं?"

खोलीभर आवाज! अश्विनी अशी दचकली, की शेजारी बसलेले साहेबही दचकले! मागच्या बाकाला इतकी वर्षं वाटायचं, आपण दुसऱ्या गावात बसलो आहोत. त्या दिवशी त्या बाकाला कळलं की मॅडमला आपण दिसतो. पोरं हसली, साहेब हसले. धडा पूर्ण झाला, पत्रा वाजत असताना पूर्ण झाला. जाताना साहेब म्हणाले, "बागुंदि, चाला बागुंदि!" छान आहे, फार छान आहे! कचेरीचा विषय तिथंच मिटला. मी दुसरी उडी मारणार होतो, पण गुडघ्यांनी अध्यक्षांच्या गुडघ्यांचा सल्ला घेतला.

पंकज सर, तुम्ही हसता आहात, पण हे गाठीला बांधून ठेवा, कारण उद्या कुठे तरी तुम्हालाही असा डबा जोडावा लागेल. डबा उंचावर ठेवायचा, माईकला तो दिसला पाहिजे, मधे लोखंड नको, भिंत नको. आजही पहा, हार आमच्या गळ्यात आहेत, डब्याच्या नाही. चालू करताना भोंग्याचा आवाज आधी खाली ओढायचा, सगळं जोडून झालं की सावकाश वर. बंद करताना भोंगा आधी, नाही तर असा धडाका होतो की म्हशी दावी तोडतात. माईक हनुवटीखाली वीतभर, ओढणी नि मंगळसूत्र त्याला घासू द्यायचं नाही. फुंकर मारायची नाही, बोटानं टकटक करायची नाही. माईक म्हणजे काही टरबूज नाही पिकलं का बघायला. त्याला घेऊन भोंग्यासमोर उभं राहायचं नाही, शिट्टी फुटते आणि कान बधिर होतात. हातातल्याची जाळी मुठीत धरली तरी तेच. वीज घ्यायची ती तीन पिनांच्या जागेतूनच, जमिनीला अर्थिंग असलेली. ओल्या हातानं प्लगला शिवायचं नाही. पोरांच्या पायात येईल अशी वायर सोडायची नाही. सेल सगळे एकाच वेळी नवे घालायचे, आणि सुटी लागली की काढून ठेवायचे, नाही तर आतल्या आत पाझरून डबी खातात.

आणि बोलणं संपलं की माईक बंद! हे विसरलात तर काय होतं, ते अध्यक्षांना आज पायरीवर कळलं.

अजून एक. शेजारच्या गल्लीत लग्न असलं तर आधी माईकचा नंबर, म्हणजे चॅनेल, बदलून घ्यायचा. मागे गणिताचा तास ऐन रंगात आला आणि आपल्या भोंग्यातून पुकारा झाला, "वधूपक्षाच्या मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं!" त्यांचा माईक आणि आपला, दोघांचा नंबर एकच निघाला. अर्धा वर्ग उठून दाराशी. मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही वधूपक्ष कधीपासून रे?" मग डबा आणि डबी, दोन्हींवर मोकळा नंबर लावला तेव्हा भागाकार पुढे गेला.

तर मंडळी, तो गळा टिकला. गाठी कमी झाल्या आहेत, पूर्ण गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, सांभाळायचं आहे. आणि आता मॅडमची बदली बेला गावी झाली आहे. तिथंही पत्रा आहे, तिथं पोरं आपल्याहून जास्त आहेत. मी स्वतः जाऊन बघून आलो. माईक नाही.

म्हणून काल समितीची बैठक झाली. ठराव असा, की हा माईक मॅडमसोबत जाईल. मॅडमना हे सकाळी सांगितलं तर त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "गावाची वस्तू आहे, गावात राहू दे. पुढच्या पोरांचं काय?"

मॅडम, आता या भरल्या सभेत माझं ऐका. पुढच्या पोरांना पंकज सर आहेत. त्यांचा आवाज तुम्ही ऐकलाय? परवा त्यांनी हजेरी घेतली तर शेतातले गडी "हजर" म्हणाले. त्यांना माईक देणं म्हणजे ढगाला भोंगा लावणं. गावाच्या सभांना आम्ही पुन्हा घसा ताणू, आमचा घसा काही नाजूक नाही. उद्या पंकज सरांचाही घसा बसला, तर पुन्हा वर्गणी करू. पण गाव तुमच्या आवाजाला वर्गणी देऊन बसलं आहे, मॅडम, डब्याला नाही. डबा इथं राहिला आणि आवाज तिकडे गेला, तर आमच्याकडे काय उरलं?

अध्यक्ष उठले. गुडघा धरून का होईना, पण उठले. करगोट्याची आलमारीची किल्ली त्यांनी सोडली आहे आणि डब्याची पेटी स्वतः मॅडमसमोर आणून ठेवली आहे. या माणसानं आजवर आलमारीतून सतरंजीसुद्धा सही घेतल्याशिवाय दिली नाही. मॅडम, आता तरी? बोलायचं नाही. फक्त मान हलवा.

हलवली! मंडळी, पाहिली ना सगळ्यांनी? कुसुमबाई, डोळे मग पुसा, आधी टाळ्या वाजवा!

बास, माझं झालं. ज्यांनी वर्गणी दिली, ज्यांनी सतरंज्या अंथरल्या, ज्यांनी चहा केला, आणि ज्यांनी माझं एवढं लांबण उन्हात ऐकलं, त्या साऱ्यांचा मी ऋणी आहे. थट्टेत कोणाला लागलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर म्हातारा आपलाच आहे म्हणून पोटात घाला.

आणि मॅडम, बेल्याला पोचल्यावर फोन करू नका. सारं गाव फोनवर येईल, प्रत्येक जण "जरा मोठ्यानं बोला" म्हणेल. पत्र लिहा. वर्गात मी ते मोठ्यानं वाचून दाखवीन, मागच्या बाकापर्यंत. लवकर लिहा.