दोन दात आणि सोबत

अहो, पण नसेल कुणी, तर माणसानं दात बसवायचेच नाहीत का? तुम्हीच सांगा! डॉक्टर तयार, खुर्ची तयार, मी जीव मुठीत धरून तयार, आणि ती काउंटरवरची मुलगी फॉर्म पुढे सरकवून विचारते, "काका, सोबत कोण आहे?" म्हटलं, "मी आहे की!" तर म्हणते, "तुम्ही पेशंट. सोबत कोण?"

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस. अडतीस वर्षं दातानं दोरा तोडला. कात्री असायची हो शेजारीच, पण हात रिकामा कुठे असतो? तोंड असतं! त्या दोऱ्यांनी समोरच्या दोन दातांची वाट लावली. एक गेल्या वर्षी हलून हलून पडला, दुसरा त्याच्या मागोमाग... जोडीनं वाढलेले, एकटा राहून काय करणार? आणि दातांबरोबर आणखी काय गेलं? धंद्याचं नाव! फोन उचलला की, "हॅलो, फिंपी बोलतोय." समोरचा "राँग नंबर" म्हणून ठेवून देतो! शिवून ठेवलंय म्हणायला जावं तर फिवून ठेवलंय! लोक हसायचे. मग मी बोलणंच सोडलं. एकट्या माणसाला काय अवघड आहे? दुकान खाली, खोली वर, मधे चौदा पायऱ्या. बोलायचं कुणाशी, जिन्याशी?

डॉक्टर म्हणाले, कवळी नको, इम्प्लांट करू. म्हणजे काय, तर हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. स्क्रू म्हटल्याबरोबर मला दरदरून घाम! डॉक्टर भला माणूस. "घाबरू नका, आधी गोळी देऊ, गुंगी येईल. फक्त घरी एकट्यानं जायचं नाही, कुणाला तरी आणा सोबत." हे 'कुणाला तरी' किती सहज म्हणतात हो! जसं काही कोपऱ्यावरून डझनभर बटणं आणायचीत!

धाकट्या भावाला फोन केला. "अरे दादा, आधी नाही का सांगायचं?" म्हटलं, "आधीच फांगतोय, तारीख तू फांग." "हे बघ, या महिन्यात साहेब रजा देत नाही, पुढच्या महिन्यात हिच्या माहेरी कार्य... तू असं कर ना, कुणाला तरी घेऊन जा!" परत कुणाला तरी! शेजारचा घड्याळजी म्हणाला, "येतो की! किती वेळ?" "दोन ताफ." "दोन तास? आणि माझी घड्याळं कोण बघणार?" बंद पडलेली घड्याळं हो! ती काय चालून जाणार होती?

गेलो एकटाच. दोन मंगळवार परत पाठवलं. "काका, सोबत कोण आहे?" कुणी नाही. "मग पुढच्या मंगळवारी."

तिसऱ्या मंगळवारी शटर ओढतोय तर पाठीमागून आवाज, "मास्तर! माझा कोट?" निवृत्त मुख्याध्यापिका. तीन आठवडे बाही उसवून ठेवलेली, माझीच चूक. म्हटलं, "बाई, दातांच्या डॉक्टरकडे निघालोय." तर चष्म्यावरून बघत विचारतात, "सोबत कोण आहे?" त्यांनीही तेच विचारावं! मी शटरचं कुलूप चाचपायला लागलो. "चला." "अहो बाई, तुम्हाला कफाला..." "गुंगीत माझा कोट भलत्यालाच देऊन टाकाल. चला!"

फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना. बाईंनी पेन टेकवलं, थांबल्या, आणि लिहिलं, गिऱ्हाईक. मुलगी म्हणाली, "असं नातं नसतं, बाई." "मग खोड, आणि 'दमलेलं गिऱ्हाईक' लिही!"

पुढचं अंधुक आठवतं. शुद्धीवर आलो तर बाई भिंतीवरच्या सूचनेतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होत्या. मला कोपराला धरून चौदा पायऱ्या चढवलं, फडक्यात बर्फ गुंडाळून गालाला दिला. "बोलायचं नाही." आणि स्वतः दोन तास बोलल्या. शाळा, मुलं, गेलेले यजमान... म्हणाल्या, "घरी पोचले की कुलूप उघडताना मी किल्ल्या मुद्दाम जोरात वाजवते, मास्तर. आत कुणीतरी दचकल्यासारखं वाटतं." मी फडकं पिळलं आणि परत गालाला लावलं.

कोट दुसऱ्या दिवशीच दिला. पण टाके काढायला बाई आल्या. एक्सरेला आल्या. हाडानं स्क्रू धरायला चार महिने लागतात, तोवर अधूनमधून तपासायला बोलवायचे, तेव्हाही आल्या. कारण मी म्हणायचो, "बाई, फोबत लागते म्हणतात."

शेवटी दात बसवायचा दिवस. आत शिरलो तर ती मुलगी, भरल्या खोलीत, "अय्या काका! गोळी त्या एकाच दिवशी होती. नंतर सोबत कशाला लागते? फोनवर सांगितलं होतं की मी!"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. तीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेली नजर हो! वाटलं, आता बाकावर उभं करतात. पण त्या सरळ खुर्चीत बसल्या आणि पेपर उघडला.

दात बसले. डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी." म्हटलं, "शिंपी." स्वच्छ! "शिवून. शनिवार. सोबत." सगळं स्वच्छ! परतताना रस्ताभर मनात एक वाक्य जुळवत होतो, सोपंच होतं, आता तर 'स'सुद्धा येत होता... दुकान आलं. बाई थांबल्या. "मास्तर, पुढची तपासणी कधी?"

म्हटलं, "वर्षानं."

"बरं," म्हणाल्या, आणि गेल्या.

काय म्हणावं सांगा! खरे दात होते तोवर गिऱ्हाइकांना थापा मारल्या, दात नव्हते तेव्हा बाईंना मारल्या... आणि खोटे दात बसले, त्याच दिवशी मेलं तोंडातून खरं बाहेर पडलं!