रिकाम्या वसतिगृहाचं लोणचं

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या अंबड मंडळीचे पाळक रेव्हरंड रामकिसन साळवे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, जमलेल्या बंधुभगिनींनो, आणि सतरंजीवर दाटीनं बसलेल्या माझ्या मुलींनो,

"काळजी करायचीच तर बसून करू नका, शैलाबाई, कैऱ्या फोडता फोडता करा."

आठ वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहाच्या प्रमुख द्वारकाबाईंनी मला हे सुनावलं, तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आज त्यांच्या निरोपाच्या दिवशी बोलायला हरकत नाही. यापुढे त्या मला कामाला लावू शकत नाहीत. पाहा, मान हलवताहेत. म्हणजे अजून लावू शकतात!

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरचा तो पहिला उन्हाळा. मिशनच्या गोऱ्या मॅडमसाहेब मायदेशी परतल्या होत्या आणि मिशनची मदत थांबणार, असा निरोप आला होता. सुट्टीवर गेलेल्या मुली आता परत यायच्या नाहीत, असं आम्ही सारे धरून चाललो होतो. मी इथंच राहून काम करायचे, या आवाराबाहेर माझं कुणी नव्हतं. प्रार्थनेला डोळे मिटले की एकच विचार यायचा : जून उजाडला की आपण जायचं कुठं?

अशात एका सकाळी द्वारकाबाईंनी गाडीभर कैऱ्या उतरवल्या. वसतिगृहाचं वर्षाचं लोणचं घालायला! मी विचारलं, "बाई, खाणार कोण?"

"पोरी."

"पोरी येणार नाहीत आता."

"तुम्हाला देवानं सांगितलं का? मला तर न्हाई सांगितलं. विळी घ्या."

गावात हसं झालं. आपल्या उषाबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनी कुंपणावरूनच विचारलं, "काय हो बाई, भुतं जेवायला ठेवली का?"

"भुतांना तिखट सोसत न्हाई. तू ये जल्दी, मोहरी वाटायला कोणी न्हाई."

आणि उषाबाई आल्या. थट्टा करायला आलेल्या बायका एकेक करून पाट्याशी बसल्या. अखेर भरलेल्या बरण्यांकडे पाहत त्यांच्यातल्या सोनूबाई म्हणाल्या, "लोणचं तर झालं. आता काय भाकरी न्हाई म्हणून पोरी परत धाडायच्या?" तिथंच ठरलं : भाकऱ्या थापताना प्रत्येक घरानं मूठभर पीठ मुलींसाठी बाजूला काढायचं. जूनमध्ये मुली आल्या. साऱ्या नाही, पण आल्या. तेव्हापासून एकही वर्ष ही चूल थंड राहिली नाही.

श्रद्धा म्हणजे काय? मला वाटायचं, मन शांत होणं. त्या दिवसांत माझं मन एकदाही शांत झालं नाही. हात तिखटानं भाजत होते आणि भीती जिथल्या तिथं होती. पण भीत भीतसुद्धा देवावर भरवसा टाकून काम करता येतं, हे मला तिथं कळलं. आशा मागाहून आली, आपल्या पावलांनी.

आज बाई विश्रांतीला निघालेल्या नाहीत. शहागडला पत्र्याच्या दोन खोल्यांत त्या मुलींसाठी नवं वसतिगृह उघडताहेत. या वयात! आणि इथला कारभार माझ्यावर सोपवताहेत. खरं सांगते, भीती आजही जिथल्या तिथं आहे. तरी मी तो उचलणार. प्रभू माझ्याबरोबर आहे, आणि उषाबाईंनाही मी सोडणार नाही.

आपण सारे कामं टाकून आलात, पाळकसाहेबांनी सभेला शोभा आणली. आपली मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाचं नाव सुटलं असेल, कुणाचा मान राहिला असेल, तर तो माझ्या भरून आलेल्या मनाचा दोष समजून पोटात घाला.

आणि बाई, एक मागणं. या सभेची शेवटची प्रार्थना तुम्ही करा. तुम्ही काय म्हणणार, मला ठाऊक आहे : "उद्यापास्नं तुम्हालाच करायची हाये, मंग आजच करा." तरीही विचारते, बाई. कराल?