अमावाशेला पाणी चढेल

नाय, नाय, अंकुशभाऊ, असं निघू नका, ऐका माझं — उरनवरनं बोट आनलीत, तीन दिस शोधलंत, उपकार हायेत तुमचे, पन शोध बंद करतो बोलू नका. माझा नवरा बुडालेला नाय. हिरामन काय काल पाण्यात उतरलेला मानूस हाय? षष्ठीला चिंबोऱ्या पकडाला गेला, तिथी मोजून गेला — आमी तसंच जातो, मोबाइलवर भरती बघत नाय — होडी तिवरांच्या झाडीत पार आत घातली नि पाणी उतरलं. त्याचा हिशोब बरोबरच होता हो, खाडी बदलली. समोर भराव पडलाय ना, तवापासून पाणी मनाला येईल तसं पळतं. बसली असंल होडी चिखलात. चालत येईल कसा? मांडीपर्यंत रुततो पाय. पाण्याचा डबा हाय संगती. बसला असंल बिडी ओढत, मला शिव्या घालत.

तुमची बोट तरी कुठं शिरली आत? पाणीच नाय! भांगाचं पाणी हे, अर्धं चढतं नि मागं फिरतं. माझी नमिता सायन्सला हाय, तिनंच सांगितलं काल जेवताना — म्हंजे मी जेवले, ती नाय जेवली — चांद पाणी ओढतो, सूर्यपन ओढतो. अष्टमीला एक इकडं, एक तिकडं, आमच्या जावा-जावांसारखं, काम काय होत नाय. अमावाशेला दोघं एका बाजूला येतात नि मग उधान. चांद गोल का, तेपन बोलली — मोठ्या वस्तूचं वजनच तिला चारी बाजूंनी आत ओढतं, दाबून दाबून गोल करतं, लहान दगडाला तेवढी ताकद नाय, तो वाकडाच राहतो. मी बोलले, बये, बाप अडकलाय नि तू मला चांद काय सांगतेस? तर माझा हात धरला, घट्ट. बोलली, आई, अमावाशेचं पाणी तिवरांत शेवटपर्यंत जाईल, आत अडकलेलं सगळं बाहेर आनेल. तू तवर जेवत जा.

म्हंजे होडी तरंगनार ना! म्हनून तर बोलते, अमावाशेला या. पोरीनं तयारीपन केलीय — जासईला मामाला फोन लावला, त्या दिवशी नक्की ये बोलली, मानसं घेऊन ये, चार तरी पाहिजेत. बघा, केवढी शहानी — होडी ओढून काढाला —

खाली का बघता तुमी?

अंकुशभाऊ?

होडी लहान हाय हो आमची. मी नि तो, आमी दोघंच ओढतो ती. दोघं पुरतात —

चार कशाला बोलली ती?

नको. काय बोलू नका. जा तुमी आता.