बाहेरचा दिवा

धाकटी : कट, कट! बाबा, हे काय केलंत?

बाबा : का? दार लावलं की. तू म्हणालीस तसंच.

कॅमेरामन : दार लावलंत काका, पण आधी बाहेरचा दिवा घालवलात! तुमच्या लेकीचं काम करणारी पोरगी अंधारात गडप. तिचं रडणं टिपायला मी इथे घामाघूम, आणि हाती काय, तर काळोख.

बाबा : चुकलं. हात आपसूक गेला.

धाकटी : तुम्ही फक्त म्हणायचं, 'आम्हाला तू मेलीस', आणि कडी घालायची.

कॅमेरामन : पुन्हा घेऊ. भर दुपारी काळे पडदे लावून रात्र केलीय, ती काही पळून जात नाही.

धाकटी : थांब. आपसूक म्हणजे? ताईच्या वेळीही घालवला होतात?

बाबा : जाऊ दे ना. जुनं कशाला उकरतेस?

धाकटी : त्यावरच तर सिनेमा काढलाय! ताईचं त्या मुलावर प्रेम होतं. तो आपल्यातला नाही म्हणून तुम्ही तिला दारातून हाकललंत. आणि वर दिवाही घालवलात? एवढा राग?

बाबा : राग नव्हता गं. शेजारच्या खोलीत तुझे काका बसले होते. काठ्या घेऊन.

धाकटी : काय?

बाबा : ती परत आली तर जिवंत सोडायची नाही, असं ठरलं होतं त्यांचं. दारात उजेड असता, तर ती कुठल्या गल्लीत वळली ते खिडकीतून दिसलं असतं.

कॅमेरामन : बाप रे!

धाकटी : मग... 'मेलीस' म्हणालात ते?

बाबा : त्यांना ऐकू जावं म्हणून. मेलेल्या माणसामागे कोण धावतं?

धाकटी : आणि हे इतकी वर्षं बोलला नाहीत? मी तुम्हाला राक्षस समजत आले. हट्टानं तुम्हालाच त्या बापाचं काम दिलं!

बाबा : आता उगाच देव करू नकोस मला. भावांसमोर उभं राहून 'माझी लेक आहे, आत ये' म्हणायला हवं होतं. तेवढी छाती नव्हती. बटणापर्यंत हात पोचला, बस्स.



कॅमेरामन : मॅडम, कसं घ्यायचं? दिवा चालू ठेवू?

धाकटी : आधी कॅमेरा बंद कर.

बाबा : ताई बघेल का गं हा सिनेमा?

धाकटी : बघेल.

बाबा : तिला वाटलं असेल, मला तिचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं.

धाकटी : मग हा प्रसंग कसा घेऊ, बाबा?

बाबा : आधी ती शेजारची खोली दाखव. मग दिवा घालवू दे मला.