शेवटचे दोन फर्लांग

मनकर्णा: उजवा! उजवा मोडला होता तुमचा. डाव्यानं काऊन लंगडून राह्यले?

खुशाल: डाव्यानं लंगडलो?

मनकर्णा: मंग काय म्या? दारापासून नळापर्यंत सारा डावाच ओढत गेले. मेडिकल बोर्डाचा डॉक्टर आंधळा हाय का?

खुशाल: उजव्यात आता ताकद लय आली ना. सारा भार त्याच्यावरच जाते. काल तलाव दोनदा पार केला, तवा बी उजव्यानंच पाणी मारून राह्यलो होतो.

मनकर्णा: कौतुक नका सांगू मले. सकाळी पळणं अन् दुपारी लंगडणं, असा माणूस साऱ्या बेल्लमपल्लीत एकच निंघाला, तो माह्याच नशिबी. पुन्हा चाला. काठी घ्या. अन् तोंड वाकडं करा थोडं, दुखल्यासारखं.

खुशाल: दुखत नाई त तोंड कसं वाकडं करू?

मनकर्णा: नऊ महिने पलस्तरात होता पाय, तवा कसं करत होते? क्वार्टरच्या लोकायची झोप उडवली होती. तेच काढा बाहेर.

भगवान: जमलं नाई त वयनी, तीच काठी नडगीवर हाणा एक. आपोआप जमते.

खुशाल: तू कवा आला, भगवान?

भगवान: तुहा डावा लंगडा झाला तवा. आताच तलावावरून आलो. तिथं गडी म्हणून राह्यले होते, तुहा भाऊ पाण्यात लय जोरात कापते. मी म्हणलो, भाऊ नाई, तो मीच होतो. रविवारच्या शर्यतीच्या कागदावर नाव माहंच हाय ना.

खुशाल: सांगन का कोणी साहेबाले?

भगवान: कोण सांगते? उद्या त्याच्या बी घरी कोणी अनफिट व्हायचा हाय. त्याच्या बी भावाले नाईतर पोराले त्या जागी नोकरी लागायची हाय. गड्यायचं भेव नाई मले. मंडपाचं भेव हाय.

खुशाल: मंडपाचं काय?

भगवान: शर्यत सुटते तलावावर. तिथं दुसऱ्या खाणीचे कारकून, तुले कोण वळखते? सायकलनं मंचेरियलच्या रस्त्यावर जाऊन वापस आला, तिथं बी कोणी नाई. पन पळून संपते कुटं? मैदानात. मंडपापुढं. अन् मंडपात साहेब लोकायच्या बाजूले बसते तो मोठ्या दवाखान्याचा नवा डॉक्टर. रविवारी त्यानं तुले फीत तोडतांना पाह्यलं, अन् मंगळवारी तू बोर्डात त्याच्यापुढं काठी टेकत गेला, मंग?

खुशाल: मान खाली घालून पळतो.

भगवान: काई गरज नाई. शेवटचे दोन फर्लांग माहे. वळणावर पंपघर हाय, त्याच्या मागं मी उभा राह्यतो. असंच बनियन, अशीच निळी चड्डी. तू आला का छातीवरचा नंबर सोडून मले दे. पुढं मी पळतो.

खुशाल: नाई.

भगवान: नाई कसं?

खुशाल: आठ महिने झाले, भगवान. पाय जमिनीवर टेकत नव्हता तवापासून लागलो. पयले घरातल्या घरात, मंग तलावात, मंग शेजारच्या नागोरावच्या सायकलवर. एक्याण्णवला याच शर्यतीत मी तिसरा आलो होतो. आता मले नाव नको, कप नको, फोटो नको. ते सारं तुले घे. मले ती फीत पाहिजे, छातीले लागलेली. बस.

भगवान: अन् मले नोकरी पाहिजे. तू खाली खाणीत उतरत असता त मी तुह्या दारात आलो बी नसतो. उतरतं का? सांग वयनीपुढं. पाण्यात दम धरता येते तुले, खाणीत उतरायच्या पिंजऱ्यात नाई येत. चढावर सायकल हाणतं, अन् पिंजऱ्याची साखळी वाजली का मुततं.

मनकर्णा: भाऊजी!

भगवान: खोटं हाय का? पाय बरा झाल्यावर दोनदा गेला कामावर. दोन्ही वेळा गड्यायनं उचलून घरी आणला. त्याची चड्डी मी धुतली.

मनकर्णा: मी धुतली. तुमी नाकाले रुमाल लावून उभे होते.

खुशाल: माह्या जोडीचा गडी बापूजी, माह्या बाजूले दबला होता. कोळशाच्या डब्यायची माळ सुटून अंगावर आली तवा. चार तास बोलून राह्यला होता माह्याशी अंधारात. मंग बोलणं बंद झालं. तुले नाई समजणार ते.

भगवान: नको समजू दे. मले पिंजऱ्याचं भेव वाटत नाई, एवढं समजते. भेवासाठी कोणी अनफिट लिहून देत नाई दादा. पायासाठी देते.

मनकर्णा: अवो, ऐका त्यायचं. फिट ठरले अन् खाली उतरले नाई, त कंपनी काढून टाकते. अनफिट ठरले त निदान क्वार्टर राहीन डोक्यावर. भाऊजीच्या हातचं खाऊ, पन खाऊ.

खुशाल: तू बी त्याच्याकडून?

मनकर्णा: मी बी. फीत शिजवता येत असती त तुमच्याकडून बोलली असती.

*

(रविवार. मैदानाच्या अलीकडचं वळण, पंपघराची मागची बाजू.)

मनकर्णा: आले! भाऊजी, आले वो! पुढं एकच गडी हाय.

भगवान: ओता पाणी माह्या डोक्यावर. सारी घागर ओता. दादा! इकडं, भिंतीच्या मागं!

खुशाल: सरक.

भगवान: नंबर दे.

खुशाल: सरक, भगवान. पुढचा दमला हाय. चढावरच पाह्यलं म्या, पाय फाकून राह्यले त्याचे. मी धरतो त्याले.

भगवान: मी धरतो. दे.

खुशाल: मनकर्णे, पाय दुखून नाई राह्यला. जरासा बी नाई. पाह्य.

मनकर्णा: पाह्यला. द्या आता नंबर.

खुशाल: एकदा जाऊ द्या मले. डोक्यावर टॉवेल घेतो. डॉक्टरकडं तोंडच करत नाई.

भगवान: जाय. जाय ना! पन बुधवारी पहिल्या पाळीले पिंजऱ्यात बी तूच जाय. बापूजी खालीच हाय. तुह्याशी बोलायचा राह्यला हाय तो.

मनकर्णा: असं नका बोलू, भाऊजी. मेलेलं माणूस हाय ते.

भगवान: जातं का? दादा, तुले इचारून राह्यलो. जातं का?

खुशाल: गाठ बसली.

भगवान: काय?

खुशाल: नंबराची गाठ. पाण्यानं आवळली. सुटून नाई राह्यली.

मनकर्णा: हालू नका. मी दातानं सोडते.

भगवान: लवकर. मागचा दिसून राह्यला.

मनकर्णा: घ्या. या इकडं, मी बांधते.

खुशाल: भगवान, पयले शंभर पावलं दमानं घे. मंडप दिसला का मंग सोड.

भगवान: मले नको शिकवू. मी ताजा हाय.

खुशाल: ... गेला?

मनकर्णा: गेला. बसा तुमी खाली. भिंतीवरून डोकं काढू नका.

खुशाल: धरला का त्यानं पुढच्याले?

मनकर्णा: झाडं आडवी हाय. काई दिसत नाई.

खुशाल: टाळ्या वाजून राह्यल्या. माईकवर काय म्हणून राह्यले?

मनकर्णा: ऐकू त द्या. तेलुगूत हाय... भगवानचं नाव घेतलं. मोदटी म्हणून राह्यले. पयला.

खुशाल: पयला?

मनकर्णा: हो.

खुशाल: म्हणजे पयला आलो का वं मी?

मनकर्णा: तुमी कुटं आले? तुमी त पंपघराच्या मागं बसले हाय.

खुशाल: मनकर्णे...

मनकर्णा: रडू नका. रडणं घरी. लोक सुटायच्या आत निंघू. ही काठी घ्या. अन् उजव्यानं.

*

(मंगळवार. मोठ्या दवाखान्याच्या बाहेर.)

भगवान: लवकर सुटला, दादा? काय झालं आत?

खुशाल: अनफिट.

भगवान: लिहून देलं?

खुशाल: तिघायच्या सह्या झाल्या.

भगवान: वयनी, ऐकलं का? सह्या झाल्या!

मनकर्णा: ऐकलं. चालून दाखवा म्हणले का वो?

खुशाल: दारापासून खिडकीपर्यंत. अर्ध्यातच बस म्हणले. लय चांगला लंगडलो.

मनकर्णा: तोंड वाकडं केलं?

खुशाल: करा लागलं नाई.

भगवान: झालं मंग. आता एक ध्यानात ठेव दादा. नागोरावची सायकल आजच वापस देऊन टाक. सायकलवर दिसू नको कोणाले. तलावाकडं बी जाऊ नको.

खुशाल: पोहायले बी नाई?

भगवान: अनफिट माणूस पोहते का? कोणी कागद टाकला वरतं, त माही नोकरी जाईन. काठी घेतल्याबिगर दाराबाहेर पाय टाकायचा नाई.

खुशाल: किती दिवस?

भगवान: दिवस काय इचारतं? मी रिटायर होईपर्यंत.

मनकर्णा: तवर त खरंच लंगडे होतीन ते.

भगवान: मंग त बरंच हाय ना. का रे दादा, डॉक्टरनं वळखलं त नाई तुले?

खुशाल: मले नाई. तुले वळखते. माह्या कागदावर आडनाव वाचलं अन् इचारलं, तो शर्यतवाला भगवानराव तुहा कोण? म्या म्हणलो, लहान भाऊ.

भगवान: मंग?

खुशाल: लय खूश झाला. बाकीच्या दोघायले सांगत होता, तलाव पोहला, एवढी सायकल हाणली, अन् शेवटाले पाह्यलं त जसा आताच घरून निंघाला, असा ताजा.

भगवान: असं म्हणला?

खुशाल: मंग माही दया आली त्याले. माह्या पायावर हात ठेवला. म्हणला, हा पाय चांगला होता, तवा तू बी पळत होता का कदी?

भगवान: अन् तू काय म्हणला?

खुशाल: म्हणलो, नाई साहेब. आमच्या घरात तोच पळते.