दमट हवेतलं गोणपाट

(जून २००६. नाशिकबाहेरची एक धावपट्टी. गाड्यांच्या शर्यतीची फायनल थोड्याच वेळात. झेन गाडीच्या डिकीत इंजिनाला जादा जोर देणाऱ्या नायट्रस गॅसचा सिलिंडर, त्यावर ओलं गोणपाट. गाडी योगिनी चालवते. नवरा दिनेश तिचा मेकॅनिक.)

योगिनी : अजून किती पाणी ओतणार? सिलिंडर आहे हो तो, तुळस नाही.

दिनेश : एप्रिलमध्ये याच गोणपाटानं सिलिंडर गार होऊन दाबाचा काटा झटक्यात उतरला होता. आज ढिम्म.

योगिनी : सकाळी माठातलं पाणी प्यायलात ना? कसं लागलं?

दिनेश : कोमट.

योगिनी : मग? पाणी सुकेल तेव्हा गारवा येणार. या हवेत माझी ओढणी सुकत नाही, तुमचं गोणपाट काय सुकणार!

दिनेश : हे आधी नाही सांगायचं?

योगिनी : इतके रमला होतात, मोडवेना.

दिनेश : मग ऐक. फायनलला नायट्रसचं बटण दाबायचं नाही.

योगिनी : वा! या उकाड्यात हवा पातळ, इंजिन आधीच धापा टाकतंय. बटणाशिवाय पुन्हा गोरक्षभाऊंची धूळ खाऊ? गेल्या वर्षी खाल्ली तेवढी पुरे.

दिनेश : अगं, सिलिंडर तापला की गॅस जोरात सुटतो. पेट्रोल मात्र तेवढंच जातं. पिस्टन वितळेल.

योगिनी : मग गार करा. गोरक्षभाऊंकडे बर्फाची पेटी आहे.

दिनेश : ज्याला हरवायचं, त्याच्याकडेच मागू?

योगिनी : तुम्ही नकाच मागू. तुम्ही आधी ख्यालीखुशाली विचारता, मग उसाचा रस पिता आणि रिकाम्या हातांनी परत येता. ओ गोरक्षभाऊ!

गोरक्ष : बोला वहिनी. मालेगावाहून हरायला आलोय, अजून काय सेवा?

योगिनी : थोडा बर्फ द्या ना. सिलिंडर तापलाय.

गोरक्ष : अर्धा घ्या. अर्धा मला लागंल. दिनेशशेठ, गोणपाट? असल्या हवेत?

दिनेश : हस, हस.

गोरक्ष : हसत नाय. मीबी सकाळपासून तेच भिजवत बसलो व्हतो. म्हणून तर बर्फासाठी पळालो.

योगिनी : दिला नसता तर आरामात जिंकला असता, भाऊ.

गोरक्ष : जिंकलो असतो. पण गावात सांगू काय? वहिनींची गाडी बंद पडली म्हणून जिंकलो? चला, रेषेवर भेटू.

योगिनी : अहो, बर्फ लावून झाला ना? काटा उतरला?

दिनेश : उतरला. हिरव्या पट्ट्यात आलाय.

योगिनी : दाबू ना मग बटण?

दिनेश : दाब. पण दुसरा गिअर पडल्यावर.

योगिनी : मग तोंड का उतरलंय? वाचला ना तुमचा पिस्टन.

दिनेश : पिस्टन मी दुसरा बसवीन गं. तू हेल्मेटचा पट्टा आवळ आधी.