दोरावरची शेवटची गाठ

अस्सलामु आलैकुम.

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख हाजी मानुंतुंगी, व्यासपीठावर विराजमान झालेले आदरणीय इमामसाहेब, सोलोर बेटावरून एवढा समुद्र ओलांडून आलेले आपले पाहुणे बापा गोरिस, शेवाळ बांधणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या प्रमुख आणि माझ्यावर कायम नाराज असणाऱ्या दाएंग कानांग, आत बसलं तर चपला काढाव्या लागतात म्हणून दाराशीच उभे असलेले आमचे सगळे मच्छीमार बंधू, बाहेर घोड्यांपाशी थांबलेले गाडीवाले काका, जमलेल्या माता-भगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती हस्निआर, तुम्हा सर्वांना माझा आदरपूर्वक सलाम.

बोलायला लागण्याआधी एक विनंती करतो. मागच्या दारातून एक दोर आत आलाय, तो तुम्हाला दिसत असेलच. मंडळाने ठरवलं की हस्निआरला हार घालायचा नाही, हार संध्याकाळपर्यंत सुकतो. त्याऐवजी हा दोर सगळ्या रांगांमधून फिरेल. टोपल्यांत शेवाळाच्या बियाण्याचे कोंब आहेत. दोराला लटकणाऱ्या छोट्या दोऱ्यांपैकी आपल्या पुढ्यात येईल तीत प्रत्येकाने एक कोंब बांधायचा आणि दोर पुढे द्यायचा. टोपल्या गळतायत, तेव्हा आपापले सणाचे कपडे सांभाळा. इमामसाहेब, सुटका तुमचीही नाही.

बापा गोरिस, तुमच्याकडे कसं असतं मला माहीत नाही, म्हणून आमच्या बायका जिथे शेवाळ बांधतात त्या शेडचा रिवाज सांगून ठेवतो. दोराची शेवटची गाठ जो मारतो, त्याने तो दोर कापताना हजर राहायचं. मग तो आजारी असो, रुसलेला असो, नाहीतर परगावी असो. म्हणून शेवटची गाठ आमच्याकडे कुणी सहजासहजी मारत नाही. आजची शेवटची गाठ बायकांनी हस्निआरसाठी राखून ठेवली आहे. का, ते मी सांगायला नको.

आता, निरोपाचं भाषण माझ्याकडे कसं आलं? इथे माझ्यापेक्षा वयाने, मानाने मोठी इतकी माणसं बसली आहेत. झालं असं, की मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "हस्निआरबद्दल बोलायला तिला नीट ओळखणारं माणूस हवं. तिच्याशी सगळ्यात जास्त कोण भांडलंय?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

भांडण खरंच मोठं होतं. मी माकास्सारचं कॉलेज सोडून नुकताच घरी आलो होतो. एक दिवस माझ्या तेत्तांच्या होडीच्या पंख्यात दोर अडकला. बंद पडलेली होडी वल्हवत वल्हवत त्यांनी किनाऱ्याला आणली. वडिलांना मी इतकं दमलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो तुटका दोर हातात घेऊन मी तरातरा शेडमध्ये गेलो.

"कुणाचा दोर हा?"

"माझा," हस्निआर मान वर न करता म्हणाली. "सगळा आणलास की थोडा समुद्रात ठेवलास?"

"खाडीच्या तोंडाशी, होड्यांच्या वाटेत दोर लावतात का? माझे वडील आज बुडाले असते!"

"तिथलं पाणी वाहतं, म्हणून लावते. तुझ्या तेत्तांना बरं आहे ना?" आता तिने वर पाहिलं. "मग बस खाली. जेवढं तोडलंत तेवढं बांधून दे."

तेवढ्यात तिच्या आई, म्हणजे याच दाएंग कानांग, पलीकडून म्हणाल्या, "अगं, त्याला कशाला बसवतेस? ज्याचं कॉलेज पुरं झालं नाही, त्याचा दोर काय पुरा होणार?"

शेड हसली. मी रागाने बसलो. शेवाळाचा कोंब आवळला तर तुटतो आणि सैल सोडला तर पाण्याबरोबर निघून जातो. माझे सगळे तुटले. हस्निआरने माझ्या मांडीवरचा तो चुरा पाहिला आणि म्हणाली, "राग हातात उतरू देऊ नकोस. तोंडात राहू दे, तिथे तो कुणाचं नुकसान करत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, कारण काम बरंच बाकी होतं. तिसऱ्या दिवशीही बाकी होतं. नंतर काही बाकी नव्हतं, तरी जात राहिलो. असो. मागून शिट्ट्या मारणाऱ्यांना विनंती, की हा जाहीर समारंभ आहे.

त्याच वर्षी पाणी तापलं. त्या दिवसांची आठवण कुणाला करून द्यायची गरज आहे का? सकाळी समुद्रात पाय घातला की कुणीतरी चहाचं पाणी ओतल्यासारखं वाटायचं. आपल्या सगळ्यांना एक सवय आहे. संकट आलं की जे आपलं आहे ते घराजवळ ओढून घ्यायचं. वादळात आपण तेच करतो. त्या वर्षीही सगळ्या गावाने दोर ओढून किनाऱ्याशी, नजरेसमोर आणले. तिथलं पाणी उथळ, म्हणून आणखी गरम. डोळ्यांदेखत कोंब पांढरे पडले, बोट लावलं तर शिजवलेल्या भाजीसारखे गळून यायला लागले.

हस्निआरने आपले चार दोर आणले नाहीत. तरंगायला बांधलेल्या बाटल्यांमध्ये तिने थोडं थोडं पाणी भरलं आणि खाडीच्या तोंडाशी, वाहत्या पाण्यात, दोर आणखी खोल सोडले. लोक म्हणाले, "पोरीचं डोकं फिरलंय, दिसतही नाहीत आता ते." मीही म्हणालो. पण खोल सोडलेला दोर पंख्यात अडकत नसला तरी नांगरात अडकतो. तेव्हा तिला खरी मदत कुणी केली असेल, तर ती दाराशी उभ्या असलेल्या या मंडळींनी. ज्यांचा पंखा तिच्या दोराने मोडला होता, ते माझे तेत्ता पहिल्यांदा उठले आणि चावडीवर म्हणाले, "या हंगामात त्या बाजूने होड्या न्यायच्या नाहीत. लांबून जाऊ. मोडलेला पंखा दुरुस्त करता येतो. मेलेलं बियाणं कोण दुरुस्त करणार?"

बंधूंनो, तुम्ही लांबून गेलात. जास्तीचं तेल जाळलंत, घरी शिव्या खाल्ल्यात, पण गेलात. त्याबद्दल व्यासपीठावरून तुमचे आभार आजवर कुणी मानले नव्हते. ते मी आज मानतो.

पावसानंतर त्या दोरांवरून निघालेले कोंब घरोघरी गेले. आज आपल्या खाडीत जेवढं शेवाळ डोलतंय, ती सगळी त्या चार दोरांची लेकरं आहेत. लाल झेंड्यांच्या अलीकडे दोर आणि पलीकडे होड्या, ही वाटणी तेव्हाच झाली. दोरांच्या सावलीत बारोनांग मासे अंडी घालायला लागले आणि झेंड्यांच्या पलीकडे ते आता तुमच्या जाळ्यात येतात. समुद्र आपल्या दोघांनाही पुरतोय. मागच्या लग्नात बारोनांगचं कालवण तिसऱ्यांदा वाढून घेणारे गृहस्थ कोण होते, त्यांचं नाव मी अध्यक्षांच्या मानाखातर घेत नाही.

मग आले बापा गोरिस. सोलोरच्या पाण्यालाही ताप चढला होता. तिथलं सगळं बियाणं गेलं. त्यांनी बियाणं मागितलं, आणि ते रुजवून, खोल पाण्यात सांभाळायला शिकवणारं माणूसही मागितलं. हस्निआर म्हणाली, "मी जाते."

आणि मी त्या बैठकीत उभा राहून ओरडलो. "आपलं बियाणं आपण का द्यायचं? उद्या तेच व्यापाऱ्याला माल देतील आणि आपण हात चोळत बसू! आणि पुन्हा पाणी तापलं तर?" बरंच बोललो. टेबलावरही हात आपटला.

मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा दाएंग कानांग शांतपणे म्हणाल्या, "जुफ्री, तुला दुःख बियाणं जाण्याचं आहे, की बियाण्याबरोबर जाणारीचं?"

त्यावर गाव किती हसलं, ते तुम्ही विसरला नसालच. आत्ताही हसताय.

पण बापा गोरिस हसले नव्हते. त्यांच्या पुढ्यात केळीच्या पानावर काळ्या चिकट तांदळाचा सोंगकोलो होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. ते म्हणाले, "पोरा, आमच्या बायका अजून रोज सकाळी शेडमध्ये येऊन बसतात. बांधायला काही नसतं. तरी येतात. मी शेडला कुलूप लावलं, तर बाहेर सावलीत बसल्या."

मी खाली बसलो. आपल्या शेडमध्ये बसायला मिळावं म्हणून एक माणूस किती खोट्या कामांच्या सबबी सांगतो, हे माझ्याइतकं या सभागृहात कुणाला ठाऊक आहे? आणि तिथे एक अख्खी शेड रिकाम्या हातांनी बसली होती. गेले काही दिवस बियाण्याची पोती समुद्राच्या पाण्याने भिजवत ठेवायचं काम माझ्याकडे आहे. मी ते मनापासून केलंय. पोतं वाळलेलं दिसलं तर दाएंग कानांगनी मला इथेच सांगावं.

नाही म्हणतायत. आभारी आहे.

दोर आला वाटतं. इमामसाहेबांची गाठ... चालेल, समुद्र समजून घेईल.

हस्निआर, मघापासून तुला सत्कारमूर्ती म्हणतोय, आता नाही जमत. ही शेवटची दोरी रिकामी आहे, तुझ्यासाठी ठेवलेली. तू गाठ मारलीस तर तुला यावंच लागेल. या बायकांचा बेत तोच होता, आणि खोटं कशाला बोलू, तो त्यांना मीच सुचवला. काल रात्रीपर्यंत मला तो फार छान वाटत होता.

पण जिथे चाललीयस तिथे एक अख्खी शेड तुझी वाट बघतेय. तिथे एक डोळा या दोरावर ठेवून तू काय शिकवणार? परत यायचं तर तुला वाटेल तेव्हा ये. दोराने ओढून नको.

आणि दोराशी कुणीतरी हजर राहायलाच हवं. खाडीच्या तोंडाशी, खोल पाण्यात. हा दोर विकायचा नाही, प्रत्येक पिकाला कापायचा आणि पुन्हा बांधायचा, बियाण्यासाठी. म्हणून अध्यक्षमहाराज, आपली परवानगी असेल तर ही गाठ मी मारतो.

हस्निआर, जरा माईक धरतेस? याला दोन्ही हात लागतात. थोडा वर धर.

झालं. दाएंग कानांग, ओढून बघा. जोरात ओढा... काय? पुन्हा एकदा म्हणा, मागे ऐकू आलं नाही. "पक्की आहे," म्हणतायत! अर्धवट कॉलेजवाल्याची गाठ पक्की आहे, मंडळी.

अध्यक्ष, इमामसाहेब, बापा गोरिस, होडीवाले, गाडीवाले, सोंगकोलो रांधणाऱ्या आणि ओल्या हातांनी माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचा मी ऋणी आहे. भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असं काही बोललो असेन, तर माझं वय आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, पोटात घाला.

माईक अजून हस्निआरच्याच हातात आहे. तो मी परत मागणार नाही.